सापाच्या तोंडातला माणूस

साहित्याच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न कित्येक वर्षे ठाण मांडून बसला आहे : ‘अमुक कवितेतील सर्प या प्रतीकाचा अर्थ स्पष्ट करा.’ कधी सर्पाच्या जागी नदी येते, कधी वड, कधी दिवा. प्रश्नाचा सांगाडा मात्र हलत नाही. उत्तरही ठरलेले असते. सर्प म्हणजे कामवासना, सर्प म्हणजे काळ, सर्प म्हणजे पुनर्जन्म कारण तो कात टाकतो. आणि विद्यार्थी थोडा वाचणारा असेल तर जोडीला युंगचे नाव व ‘आदिबंध’ हा शब्द. एवढ्यावर गुण मिळतात आणि देणारे आम्हीच असतो. या व्यवहाराबद्दल आम्हाला काही बोलायचे आहे, आणि ते मराठी कवितेवरून न बोलता मिलान शहरातल्या एका सरदार घराण्याच्या ढालीवरून बोलायचे आहे. हे आडवळण घेण्याचे कारण इतकेच की घरचे उदाहरण घेतले की वाद पाहता पाहता त्या कवीच्या बाजूचे आणि विरुद्धचे असा होतो, आणि वाचनाच्या पद्धतीचा प्रश्न तसाच राहून जातो.

मिलानच्या विस्कोंती घराण्याची ढाल अशी आहे : पांढऱ्या, म्हणजे या शास्त्राच्या भाषेत रुपेरी, जमिनीवर वेटोळी घेत उभा राहिलेला निळा सर्प, आणि त्याच्या जबड्यात कमरेपर्यंत दिसणारा, दोन्ही हात पसरलेला तांबडा माणूस. सापाच्या डोक्यावर पुढे मुकुटही आला. इटालियन लोक या सापाला ‘बिशोने’ म्हणतात. मिलानच्या किल्ल्यावर, चर्चवर, जुन्या नाण्यांवर तो आहेच. पण मिलान न पाहिलेल्या माणसानेही ‘आल्फा रोमिओ’ या मोटारीच्या बिल्ल्यावर तो पाहिलेला असतो, फक्त ओळखलेला नसतो. अशा चिन्हाला आपल्याकडे राजचिन्ह, कुलचिन्ह, मानचिन्ह असे निरनिराळे शब्द वापरतात. ते मुळात ढालीवर जन्मले, म्हणून आम्ही त्याला साधेपणाने ढालचिन्ह म्हणू.

आता आमचा प्रतीकप्रेमी विद्यार्थी (आणि त्याला शिकवणारा प्राध्यापकही) या चित्रासमोर उभा केला तर तो काय म्हणेल? साप माणसाला गिळतो आहे, म्हणजे काळ माणसाला गिळतो. किंवा माणूस सापातून बाहेर येतो आहे, म्हणजे पुनर्जन्म. दोन्ही अर्थ ऐकायला बरे वाटतात, दोन्ही कोणत्याही कोशात सापडतील, आणि दोन्ही परस्परांच्या उलट आहेत. कोशातून अर्थ काढणाऱ्याला ही अडचण कधी जाणवत नाही, कारण तो दोन्ही लिहितो आणि मधे ‘तसेच’ हा शब्द घालतो.

या चिन्हाच्या उगमाच्या निदान तीन कथा सांगितल्या जातात. पहिलीत, पहिल्या धर्मयुद्धात विस्कोंतींचा पूर्वज ओत्तोने जेरुसलेमजवळ व्होलूचे नावाच्या एका धिप्पाड सारासेन योद्ध्याला ठार मारतो आणि त्याच्या ढालीवरचा साप जिंकून घरी आणतो. दुसरीत मिलानजवळच्या, आता आटून गेलेल्या जेरुंदो सरोवरात तारांतासियो नावाचा माणसे खाणारा नाग राहतो आणि विस्कोंतींचा कोणी पूर्वज त्याचा वध करतो. तिसरीत अझोने विस्कोंती मोहिमेवर असताना झाडाखाली विसावतो, जमिनीवर काढून ठेवलेल्या शिरस्त्राणात साप शिरतो, अझोने ते तसेच डोक्यावर चढवतो आणि साप त्याला न डसता निघून जातो. तिसरी कथा आम्हाला सर्वांत आवडते, कारण तिच्यात कोणी कोणाला मारत नाही. पण आवडीचा येथे उपयोग नाही. पहिल्या कथेपुढची अडचण सरळ कालगणनेची आहे. जेरुसलेम पडले १०९९ मध्ये. ढालीवरची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याची म्हणून चालू लागली ती बाराव्या शतकाच्या मध्याच्या आसपास. म्हणजे ज्या काळात वंशपरंपरागत ढालचिन्हांची पद्धतच रुळली नव्हती त्या काळात एक घराणे शत्रूचे ढालचिन्ह काबीज करून आणते. तिसऱ्या कथेचा नायक चौदाव्या शतकातला, आणि साप त्याच्या आधीपासून निशाणावर आहे. या तिन्ही कथा चिन्हातून जन्मल्या आहेत. चिन्ह त्यांतून जन्मलेले नाही. स्थळपुराणे वाचलेल्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

मग हाती भक्कम असे काय उरते? उरतो एक मास्तर. बोन्वेसिन दा ला रीवा हा मिलानमध्ये व्याकरण शिकवणारा गृहस्थ, आमच्याच व्यवसायातला. त्याने १२८८ मध्ये आपल्या शहराच्या थोरवीवर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिले. त्यात विहिरी, खाटीक, वैद्य, पावाच्या भट्ट्या यांची मोजदाद आहे, आणि मोजणाऱ्याच्या उत्साहात सापाच्या निशाणाबद्दलही मजकूर आहे. तो सांगतो की तांबड्या सारासेनाला गिळणाऱ्या निळ्या सर्पाचे हे निशाण मिलानचे नगरराज्य विस्कोंती घराण्यातल्या एखाद्या योग्य पुरुषाला बहाल करते. ते सगळ्या निशाणांच्या पुढे चालते. आणि ते एखाद्या झाडावर लावलेले दिसल्याशिवाय मिलानचे सैन्य कुठेही तळ ठोकत नाही.

या तीन वाक्यांत जेवढे आहे तेवढे सगळ्या प्रतीककोशांत मिळून नाही. पहिली गोष्ट, १२८८ च्या या माणसाला चित्रातली क्रिया कोणती याबद्दल शंका नाही : साप गिळतो आहे. दुसरी, गिळला जाणारा ‘माणूस’ नाही, ‘मानवजात’ तर नाहीच. तो सारासेन आहे, आणि सारासेन हा त्या काळच्या युरोपात मुसलमानांसाठी सरसकट वापरला जाणारा शब्द होता. तिसरी, निशाण हे शहराने दिलेला मान म्हणून वर्णिले आहे. घराण्याची खासगी मालमत्ता म्हणून नव्हे. आणि ही तिसरी गोष्ट लिहिताना बोन्वेसिनच्या डोळ्यांसमोर काय असेल तेही पाहण्यासारखे आहे. अकराच वर्षांपूर्वी, जानेवारी १२७७ मध्ये, आर्चबिशप ओत्तोने विस्कोंती याने देझियोच्या लढाईत देल्ला तोर्रे घराण्याचा पाडाव करून मिलान ताब्यात घेतले होते. पराभूत नापो देल्ला तोर्रे पिंजऱ्यात कोंडला गेला आणि तिथेच पुढच्या वर्षी मेला. शहरावर नुकतीच सत्ता बसवलेल्या घराण्याचे निशाण हे शहरानेच पूर्वापार दिलेले आहे, असे सांगणारा मास्तर काय सांगतो आहे आणि कोणाच्या राज्यात राहून सांगतो आहे? हा प्रश्न विचारला की चिन्हाचा अर्थ हालचाल करू लागतो. ‘सर्प म्हणजे काय’ या प्रश्नाने तो हलत नाही.

देल्ला तोर्रे घराण्याच्या ढालीवर काय होते? मनोरा. का? कारण ‘तोर्रे’ म्हणजे मनोरा. त्यात ना स्थैर्य आहे, ना उंचीची आकांक्षा, ना लैंगिक काही. ते घराण्याचे नाव आहे, चित्रात लिहिलेले. युरोपातल्या ढालचिन्हांत अशी नावावरून केलेली चित्रे रगड सापडतात. विस्कोंतींच्या नंतर मिलानच्या गादीवर आलेले स्फोर्झा मूळचे कोतिन्योला गावचे, म्हणून त्यांच्या सिंहाच्या पंजात कोतोन्या, म्हणजे बिहीसारखे फळ. आमच्या विद्यार्थ्याला हे फळ दिसले तर तो एदेन बागेपर्यंत जाऊन पोचेल.

चौदाव्या शतकातला नामांकित कायदेपंडित बार्तोलो दा सास्सोफेर्रातो याने ढालचिन्हांवर एक छोटा ग्रंथ लिहिला. या विषयावरचा तो युरोपातला अगदी सुरुवातीचा ग्रंथ मानला जातो. लेखक वकील असल्यामुळे त्याला अर्थापेक्षा तंट्याची काळजी अधिक : दोघांनी एकच चिन्ह घेतले तर काय करावे, कोणाचे जुने, कोणाचे नुकसान. त्याने चिन्हांची तुलना केली ती नावांशी. माणसे ओळखता यावीत म्हणून नावे निघाली, तशीच ही चिन्हेही. आम्हाला या साध्या वाक्यात एक संपूर्ण समीक्षापद्धती दिसते. विशेषनामाला अर्थ नसतो असे नाही. पण तो कोशात नसतो. ‘पाटील’ आडनावाच्या माणसाने गावचा वतनदार असावे अशी अपेक्षा आपण करत नाही, आणि तरी त्या नावात इतिहास आहे हे विसरतही नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सरदारांच्या ढालींचे झाले. साहित्याशी याचा काय संबंध? म्हणून दान्ते. ‘डिव्हाइन कॉमेडी’च्या ‘पुर्गातोरियो’ या दुसऱ्या भागातला आठवा सर्ग घ्यावा. डोंगराच्या एका रम्य दरीत दान्तेला त्याचा जुना मित्र नीनो भेटतो. नीनो १२९६ मध्ये वारलेला आहे. त्याला एकच सल आहे. त्याची विधवा बेआत्रीचे द’एस्ते हिने १३०० साली मिलानच्या गालेआत्सो विस्कोंतीशी दुसरे लग्न लावले. (ही बेआत्रीचे दान्तेची नव्हे, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो आणि दरवर्षी उत्तरपत्रिकेत ती दान्तेचीच होते.) नीनो म्हणतो ते साधारण असे की मिलानकरांना तळ ठोकायला लावणारा तो सर्प तिच्या थडग्याला तेवढी शोभा आणणार नाही जेवढी गाल्लुराच्या कोंबड्याने आणली असती.

हे वाक्य प्रतीककोश हाती घेऊन वाचून पाहावे. सर्प म्हणजे पाप, कोंबडा म्हणजे जागृती अथवा पहाट, पेत्राने येशूला नाकारल्यावर आरवला तो; म्हणजे बेआत्रीचेने जागृतीचा मार्ग सोडून पापाचा मार्ग धरला. सुंदर! परीक्षेत पैकीच्या पैकी. आणि वाक्याचा एकही शब्द हाती लागलेला नाही. कारण नीनोसुद्धा विस्कोंतीच आहे. पिसाचे विस्कोंती निराळे, मिलानचे निराळे. ‘विस्कोंती’ हे मुळात एका अधिकारपदाचे नाव, आपल्याकडच्या देशमुख-कुलकर्ण्यांसारखे, त्यामुळे नात्यागोत्याचा काही संबंध नसलेल्या घराण्यांनाही ते असायचे. बेआत्रीचे एका विस्कोंतीची विधवा होऊन दुसऱ्या विस्कोंतीची बायको झाली. नावाने ही दोन घरे वेगळी करता येत नाहीत, म्हणून कवी ती चिन्हांनी वेगळी करतो. सार्डिनियातला गाल्लुरा प्रांत नीनोकडे होता आणि ‘गाल्लो’ म्हणजे कोंबडा. पुन्हा नावाचेच चित्र. कायदेपंडिताने जे तत्त्व मांडले ते त्याच्या आधीच्या पिढीतल्या कवीने वापरून ठेवले होते. आणि ‘तळ ठोकायला लावणारा सर्प’ म्हणजे काय हे कळण्यासाठी बोन्वेसिनचे झाडावरचे निशाण ठाऊक असावे लागते. ते ठाऊक नसेल तर ते क्रियापद नुसते पादपूरक वाटते.

त्यातही खोच आहे. पुर्गातोरियोची काल्पनिक तारीख १३०० ची. लिहिले गेले ते नंतर. १३०२ मध्ये देल्ला तोर्रे परत आले आणि विस्कोंती हद्दपार झाले. बेआत्रीचेला नवऱ्याबरोबर परागंदा व्हावे लागले. मृत नीनोच्या तोंडी घातलेले भाकीत लिहिणाऱ्याला आधीच खरे झालेले माहीत होते. म्हणजे त्या ओळींतला सर्प हा १३०० च्या कथेतला विजयी सर्प आहे, आणि लिहिणाऱ्याच्या मनातला हरलेला. पुढे विस्कोंती पुन्हा मिलानला परतले, ते वेगळे.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत चांगला मुद्दा आम्हीच मांडतो, कारण तो बहुधा मांडला जात नाही. त्याच सर्गात, अवघ्या काही ओळींनंतर, दरीत खराखुरा साप येतो. गवतातून आणि फुलांतून सरपटत, अंग चाटत. हव्वेला ज्याने भुलवले तो कदाचित असाच असेल असे कवी सुचवतो, आणि हिरव्या पंखांचे दोन देवदूत झेपावताच तो पळतो. मग झाले की! सर्प म्हणजे पाप हे दान्तेनेच सांगितले. विस्कोंतींचा सर्पही त्यातच धरा.

आमचे म्हणणे, धरावा, पण कशाच्या बळावर ते सांगावे. एदेनचा साप बायबलमधून येतो, झाडावरचा साप मिलानच्या छावणीतून येतो. त्यांचे मूळ वेगळे, त्यांची कामे वेगळी. ते एकाच सर्गात शेजारी आणून ठेवले ते कवीने. हे शेजारपण हे त्या काव्याचे कर्तृत्व आहे, सर्पजातीचा गुणधर्म नव्हे. दोन्ही साप आधीपासून एकच होते असे मानले तर कवीला काही करायलाच उरत नाही. आदिबंधात्मक समीक्षेविरुद्ध आमची मुख्य तक्रार हीच आहे. ती कवीच्या हातून त्याचे काम काढून घेते आणि ते सामूहिक नेणिवेच्या खात्यावर जमा करते. माणसाला सापाची भीती फार जुनी आहे हे कोण नाकारतो? पण भीती जुनी आहे एवढ्याने ढाल रुपेरी का, माणूस तांबडा का, निशाण झाडावर का आणि विधवेच्या थडग्यावरून भांडण का, यातले एकही कळत नाही.

पुढचा इतिहास झपाट्याने सांगतो. १३९५ मध्ये जान गालेआत्सो विस्कोंतीने सम्राट वेन्सेस्लासकडून ड्यूक हा किताब मिळवला. त्यासाठी एक लाख फ्लोरिन मोजल्याचे सांगतात. सापाच्या जोडीला ढालीवर साम्राज्याचा गरुड आला. १४४७ मध्ये पुरुषवंश खुंटला, तीन वर्षे मिलानकरांनी प्रजासत्ताक चालवून पाहिले, आणि १४५० मध्ये भाडोत्री सैन्याचा सेनापती फ्रान्चेस्को स्फोर्झा ड्यूक झाला. शेवटच्या विस्कोंतीच्या अनौरस मुलीचा नवरा एवढाच त्याचा हक्क. त्याने काय केले? साप घेतला. रक्ताचा दावा जितका लंगडा तितका साप मोठा कोरायचा, असे स्फोर्झांच्या इमारती पाहून वाटते. हा आमचा ग्रह असेल.

आणि मग १५३१ मध्ये आऊग्सबुर्गला आन्द्रेआ आल्चातोचे ते पुस्तक छापून निघाले ज्याच्यापासून युरोपात चित्र-बोधवचनांच्या पुस्तकांची लाट सुरू झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याने या पुस्तकाचे नाव लक्षात ठेवावे. प्रतीककोशाच्या व्यवसायाचा हा एक आद्य पुरुष. पुस्तकातले पहिलेच चित्र मिलानच्या सापाचे आहे, ड्यूक मास्सिमिलियानो स्फोर्झाला उद्देशून. आणि येथे आक्रीत घडते. आल्चातोच्या सापाच्या तोंडातून बालक बाहेर झेपावते. सारासेन नाही, गिळणे नाही; जन्म आहे. आधाराला अलेक्झांडरची नाणी येतात, सर्परूपी आम्मोन देवापासून त्याची उत्पत्ती येते, ज्युपिटरच्या मस्तकातून जन्मलेली पाल्लास येते. ड्यूकचा वंश म्हणजे दैवी वंश. गंमत अशी की मास्सिमिलियानो १५१५ मध्येच मारिन्यानोच्या पराभवानंतर राज्य सोडून फ्रान्सचा पेन्शनर झाला होता, आणि पुस्तक छापून येण्याच्या आदल्या वर्षी वारलाही होता. दैवी जन्माचे प्रशस्तिपत्र पोचायला उशीर झाला. तरी अर्थ टिकला. पुढे तास्सोने १५८१ च्या ‘जेरुसालेम्मे लिबेराता’त धर्मयुद्धातल्या वीरांची यादी दिली, तीत ओत्तोनेच्या ढालीवरच्या सापातून उघडे मूल बाहेर येते. जी कथा सारासेनाकडून ढाल जिंकल्याची, तिच्यातच सारासेनाचे मूल होऊन गेले.

प्रश्न कोणाचा अर्थ बरोबर असा नाही. बोन्वेसिनचे वाक्य आणि आल्चातोचे चित्र या दोन कृती आहेत, दोन वेगवेगळ्या धन्यांसाठी केलेल्या. एकात शहराच्या सैन्याचा दरारा आहे, दुसऱ्यात पडत्या घराण्याला लावलेला देवत्वाचा मुलामा. कोशकार या दोन कृतींच्या तारखा आणि धनी पुसून टाकतो आणि उरलेला गाळ ‘सर्प : १. विनाश २. पुनर्जन्म’ असा बाटलीत भरतो. विद्यार्थी तीच बाटली आपल्या कवितेवर ओततो.

यात एक जण हरवतो, आणि आमचा राग मुख्यतः त्याच्यामुळे आहे. सापाच्या तोंडातला तो माणूस. आल्फा रोमिओचा बिल्ला १९१० चा. रोमानो कात्तानेओ नावाच्या रेखाकाराला तो मिलानच्या किल्ल्यावरचा साप पाहून सुचला असे सांगतात. तो साप होता फिलारेतेच्या मनोऱ्यावर. आणि तो मनोरा १५२१ मध्ये दारूच्या स्फोटात उडालेला, १९०५ मध्ये नव्याने उभारलेला. म्हणजे पुरातन प्रेरणा पाच वर्षांची. असो. त्या मोटारीचे चाहते आज हिरिरीने सांगतात की साप माणसाला गिळत नाही, माणूस नवा होऊन बाहेर येतो आहे. दुसरीकडे सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या उद्योगसमूहाने आणि दूरचित्रवाणी वाहिनीने साप ठेवला आणि त्याच्या तोंडात फूल दिले. सातशे वर्षांत सारासेनाचे मूल झाले, मुलाचा नवा मानव झाला, आणि शेवटी फूल. प्रत्येक पायरीवर कोणीतरी म्हणाले असेल, ‘हे तर सर्पाचे मूळचेच प्रतीकात्म सामर्थ्य आहे.’ एका समाजाने दुसऱ्या समाजातल्या माणसाला गिळण्याचे चित्र अभिमानाने निशाणावर रंगवले होते, हे वाक्य मात्र या सगळ्या उदात्त अर्थांत कुठेच बसत नाही. प्रतीकाचा सनातन अर्थ सांगणारी समीक्षा निरुपद्रवी असते असे ज्यांना वाटते त्यांनी या माणसाचा पत्ता शोधावा.

रंगांचे तर विचारूच नये. तांबडा म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, पांढरा म्हणजे पावित्र्य : ही यादी आजही ढालचिन्हे विकणारे दुकानदार देतात आणि आमचे विद्यार्थी कवितेतल्या रंगांना लावतात. या यादीची टर उडवायला आधुनिक सिद्धान्ताची गरज नाही. पंधराव्या शतकात रंगांचे अर्थ सांगणारी पुस्तिका फ्रान्समध्ये प्रचलित होती, आणि १५३४ च्या सुमारास राबले याने ‘गार्गान्तुआ’त तिची मनसोक्त खिल्ली उडवली. त्याचा मुद्दा सोपा होता : पांढऱ्याचा अर्थ श्रद्धा आणि निळ्याचा स्थैर्य, हे तुम्हाला कोणी सांगितले? जवळजवळ पाचशे वर्षे झाली; आमच्या गाइडांपर्यंत हा प्रश्न अजून पोचलेला नाही.

आता घराकडे, थोडक्यात. १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले, त्या प्रसंगी प्रमुख संस्थानिकांना व्हाइसरॉय लिटनच्या हस्ते भरजरी निशाणे देण्यात आली. त्यांवरची युरोपीय पद्धतीची ढालचिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने बेतली होती : घराण्याचे दैवत, उगमकथा, प्रदेशातला डोंगर, एखादे जुने चिन्ह, जे त्याला समजले ते. ही हकीकत बर्नार्ड कोन यांच्या १९८३ च्या प्रसिद्ध निबंधात सविस्तर आहे. आपल्याकडे त्याआधी मुद्रा होती, आणि मुद्रेवर चित्र नसे तर मजकूर असे. जरीपटका होता, छत्र-चवरी होती. आणि सर्वस्वी वेगळ्या प्रांतात देवक होते. देवक म्हणजे उंबर, कळंब, पंचपल्लव, मोराचे पीस. ते लग्नमांडवात प्रतिष्ठापण्यासाठी आणि सोयरीक कुठे करू नये हे कळण्यासाठी. ते ढालीवर मिरवायचे नसते. आज मात्र लग्नपत्रिकांवर आणि मोटारींच्या काचांवर दोन सिंह, मधे ढाल, वर युरोपीय मुकुट अशी ‘कुलचिन्हे’ दिसतात, आणि खाली प्रत्येक रंगाचा अर्थ. दिल्लीतल्या त्या अधिकाऱ्याची पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की ती आता आपली परंपरा म्हणून सांगितली जाते. त्या चित्रांत कोण कोणाला गिळतो आहे हे विचारण्याची सोय उरलेली नाही, कारण चित्राशेजारी अर्थ छापूनच येतो.

म्हणून प्रश्नपत्रिकेतला तो प्रश्न बदलावा अशी आमची मागणी आहे. ‘सर्प या प्रतीकाचा अर्थ’ काढून टाकावा आणि विचारावे : या कवितेत साप कुठून आला, तो आणणारा कोण, त्याच्या शेजारी काय ठेवले आहे, आणि त्याच्या तोंडात कोण आहे. अभ्यासमंडळे म्हणतील की याचे गुणदान कठीण. कठीण आहेच, त्यासाठी परीक्षकाला कविता वाचावी लागेल. कोणी असेही म्हणतील की विद्यार्थ्यांना इतका संदर्भ पेलणार नाही. नीनोच्या त्या तीन ओळींसाठी लागणारा संदर्भ आम्ही वर्गात एका तासात सांगतो आणि मुले ऐकतात. त्यांना दोन विस्कोंती, दोन नवरे आणि एक थडगे हे ‘सामूहिक नेणिवे’पेक्षा लवकर कळते.

थडग्यावरून आठवले. बेआत्रीचे द’एस्ते १३३४ मध्ये वारली. तोवर विस्कोंतींचे दिवस पालटले होते आणि शिरस्त्राणातल्या सापाच्या कथेतला अझोने, तो तिचाच मुलगा, मिलानचा धनी होता. टीकाकार सांगतात की तिच्या थडग्यावर दोन्ही चिन्हे कोरली होती : एका बाजूला मिलानचा साप, दुसऱ्या बाजूला गाल्लुराचा कोंबडा.